फॉरेन की: डेटाबेसमधल्या ओळी अनाथ होऊ नयेत म्हणून

वाचनालयाच्या डेटाबेसमध्ये देवघेवीची एक नोंद आहे: पुस्तक क्रमांक ९०, सभासद क्रमांक ४१७, परत करायची तारीख केव्हाच उलटलेली. फोन कुणाला करायचा म्हणून सभासदांच्या टेबलात ४१७ शोधला, तर तो नाहीच. कुणीतरी कधीतरी ती ओळ पुसून टाकली. पुस्तक बाहेर आहे एवढं कळतं, पण कुणाकडे आहे ते कळायचा मार्ग संपला.

अशा ओळीला अनाथ ओळ म्हणतात. ती आरडाओरडा करत नाही, हाच तिचा त्रास. क्वेरी चालते, रिपोर्ट निघतो. फक्त इनर जॉइन लावलेल्या, म्हणजे दोन्ही टेबलांत जुळणाऱ्या ओळीच घेणाऱ्या, यादीतून ती नोंद गुपचूप गळते आणि दोन रिपोर्टांच्या बेरजा जुळेनाशा होतात. ‘आकडा का जुळत नाही’ याचा शोध सुरू होतो तेव्हा मूळ चूक होऊन कित्येक महिने झालेले असतात.

एका टेबलातल्या ओळीने दुसऱ्या टेबलातल्या ओळीचा हवाला दिला असेल, तर ती दुसरी ओळ अस्तित्वात असलीच पाहिजे. या नियमाला रेफरेन्शियल इंटेग्रिटी म्हणतात, आणि तो डेटाबेसकडून पाळून घेण्याचं साधन म्हणजे फॉरेन की कन्स्ट्रेंट. कल्पना जुनी आहे. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं, त्याच शोधनिबंधात ‘फॉरेन की’ हा शब्द येतो. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या मानकात मात्र ती १९८९ च्या सुधारणेत आली, आणि ‘पॅरेंट पुसला तर चाइल्डचं काय’ हे ठरवणारे कॅस्केडसारखे नियम १९९२ मध्ये.

हवाला देणारं टेबल ते चाइल्ड, ज्याचा हवाला दिला ते पॅरेंट. आपल्या उदाहरणात देवघेव हे चाइल्ड आणि सभासद व पुस्तक हे त्याचे दोन पॅरेंट. लेखभर हीच तीन टेबलं वापरू. आदेश मी देवनागरीत लिहिले आहेत. कीवर्ड प्रत्यक्ष टाइप करताना नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाइप करा. एरवी मनात जे वाचता तेच इथे दिसेल.

पायरी १: पहारा चालू आहे का ते आधी बघा

बहुतेक धडे टेबल बनवण्यापासून सुरू होतात. मी उलटं सांगेन. काही डेटाबेस तुमची फॉरेन की मुकाट स्वीकारतात आणि पाळत मात्र नाहीत. एररही येत नाही, त्यामुळे नवखा माणूस निर्धास्त राहतो.

एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची अंमलबजावणी ३.६.१९ या आवृत्तीपासून, म्हणजे २००९ पासून आहे, पण ती मुळात बंद असते. प्रत्येक कनेक्शन उघडल्यावर हा आदेश द्यावा लागतो:

    प्राग्मा फॉरेन_कीज = ऑन;

‘प्रत्येक कनेक्शन’ हे शब्दशः घ्या. फाइलमध्ये ही सेटिंग साठवली जात नाही. तुमच्या ॲपने ती चालू केली, पण तुम्ही दुसऱ्या एखाद्या टूलने तीच फाइल उघडून ओळी पुसल्या, तर त्या वेळी कुणी अडवणार नाही. शिवाय हा आदेश चालू ट्रान्झॅक्शनच्या (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या आदेशांच्या गटाच्या) आत दिला तर त्याचा काहीच परिणाम होत नाही, आणि तसं सांगितलंही जात नाही.

मायएसक्यूएलमध्ये दोन खड्डे आहेत. टेबल मायआयसॅम इंजिनवर (इंजिन म्हणजे टेबल साठवणारी आतली यंत्रणा) असेल तर फॉरेन की वाचली जाते आणि सोडून दिली जाते. ५.५ पासून मूळ इंजिन इनोडीबी आहे, ते फॉरेन की पाळतं. पण जुन्या बॅकअपमधून उभ्या केलेल्या डेटाबेसात मायआयसॅम टेबलं अजून सापडतात. दुसरा खड्डा लिहिण्याच्या पद्धतीचा. कॉलमच्या व्याख्येलाच जोडून ‘रेफरन्सेस सभासद (सभासद_क्र)’ असं लिहिलं, तर ९.० च्या आधीच्या मायएसक्यूएलने ते चक्क दुर्लक्षिलेलं आहे. म्हणून फॉरेन की नेहमी स्वतंत्र कलम म्हणून लिहा. ही सवय सगळ्याच डेटाबेसांत चालते.

पोस्टग्रेस, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर यांत आधी काही चालू करायचं नाटक नाही. कन्स्ट्रेंट लिहिली की ती लागू झाली.

तुमचं काय, ते तपासायला एकच मिनिट लागतं: टेबलं बनवा, अस्तित्वात नसलेल्या सभासदाच्या नावावर एक देवघेव घाला आणि एरर येते का ते पहा. एरर आली तर ठीक. ओळ घातली गेली तर पुढचं काही करण्याआधी ही पायरी पुन्हा वाचा.

पायरी २: टेबलं बनवा

पॅरेंट आधी, चाइल्ड नंतर. हवाला द्यायचा तर ते टेबल आधी जागेवर हवं.

    क्रिएट टेबल सभासद (
        सभासद_क्र बिगइंट प्रायमरी की,
        नाव व्हारकॅर(१००) नॉट नल
    );

    क्रिएट टेबल पुस्तक (
        पुस्तक_क्र बिगइंट प्रायमरी की,
        शीर्षक व्हारकॅर(२००) नॉट नल
    );

    क्रिएट टेबल देवघेव (
        देवघेव_क्र बिगइंट प्रायमरी की,
        सभासद_क्र बिगइंट नॉट नल,
        पुस्तक_क्र बिगइंट नॉट नल,
        नेल्याची_तारीख डेट नॉट नल,
        परत_तारीख डेट,
        कन्स्ट्रेंट एफके_देवघेव_सभासद
            फॉरेन की (सभासद_क्र)
            रेफरन्सेस सभासद (सभासद_क्र),
        कन्स्ट्रेंट एफके_देवघेव_पुस्तक
            फॉरेन की (पुस्तक_क्र)
            रेफरन्सेस पुस्तक (पुस्तक_क्र)
    );

पॅरेंटमधला ज्या कॉलमचा हवाला देता तो प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) किंवा युनिक (तीच किंमत पुन्हा न येणारा) हवा. कारण सरळ आहे: ४१७ क्रमांकाचे दोन सभासद असले तर हवाला नेमका कुणाचा?

दोन्हीकडच्या कॉलमचा टाइप एकच ठेवा. एकीकडे इंट आणि दुसरीकडे बिगइंट, किंवा एकीकडे अनसाइन्ड आणि दुसरीकडे नाही, एवढ्यानेही इनोडीबी फॉरेन की नाकारतो. कॉलम अक्षरांचा असेल तर कॅरेक्टर सेट आणि कोलेशनही (अक्षरं साठवायची आणि त्यांची तुलना करायची पद्धत) जुळलं पाहिजे. मायएसक्यूएल ८ मध्ये अशा वेळी एरर ३७८० येते आणि ती कुठले कॉलम जुळत नाहीत ते स्पष्ट सांगते. जुन्या आवृत्त्यांत १२१५ किंवा ‘एररनो १५०’ एवढंच मोघम उत्तर मिळतं. तेव्हा ‘शो इंजिन इनोडीबी स्टेटस’ चालवून त्यातला फॉरेन कीच्या ताज्या एररचा भाग वाचायचा. खरं कारण तिथे असतं.

कन्स्ट्रेंटला नाव तुम्हीच द्या. नाही दिलं तर डेटाबेस स्वतः एखादं ठेवतो. आज फरक पडत नाही, पण सहा महिन्यांनी लॉगमध्ये एरर दिसते तेव्हा ‘एफके_देवघेव_सभासद’ वाचून लगेच कळतं, यंत्राने ठेवलेलं नाव वाचून शोधत बसावं लागतं. कन्स्ट्रेंट काढून नव्याने घालायची वेळ येते तेव्हाही हेच नाव लागतं.

पायरी ३: मुद्दाम मोडून बघा

आता एक सभासद, एक पुस्तक आणि एक देवघेव घाला, आणि नियम मोडायचे चार प्रयत्न करा. नसलेल्या सभासदाच्या नावावर देवघेव घाला. असलेल्या देवघेवीतला सभासद क्रमांक बदलून नसलेला करा. देवघेव शिल्लक असलेला सभासद पुसा. आणि त्याच सभासदाचा क्रमांक पॅरेंट टेबलात बदला. चारही वेळा नकार आला पाहिजे. पहिले दोन दरवाजे चाइल्डच्या बाजूचे, शेवटचे दोन पॅरेंटच्या बाजूचे. बाकीच्या क्रिया, म्हणजे नवा सभासद घालणं किंवा देवघेव पुसणं, यांच्याशी या कन्स्ट्रेंटचा संबंधच नाही.

येणाऱ्या एरर ओळखून ठेवा. मायएसक्यूएलमध्ये चाइल्डच्या बाजूची १४५२ आणि पॅरेंटच्या बाजूची १४५१. ओरॅकलमध्ये तसंच, ०२२९१ म्हणजे पॅरेंट सापडला नाही आणि ०२२९२ म्हणजे चाइल्ड शिल्लक आहे. पोस्टग्रेस दोन्हींसाठी २३५०३ हा एकच कोड देतं, पण सोबतच्या मजकुरात टेबल, कन्स्ट्रेंट आणि नेमकी किंमत असते. एसक्यूएल सर्व्हरची ५४७. एसक्यूलाइट सर्वांत कंजूष: फॉरेन की कन्स्ट्रेंट फेल झाली एवढंच सांगतो, कुठली ते सांगत नाही.

इथे एक प्रश्न हमखास येतो: सभासद आहे की नाही हे प्रोग्रॅममध्येच तपासलं तर ही भानगड कशाला? तपासा जरूर. वापरणाऱ्याला चांगल्या भाषेत निरोप देता येतो. पण तेवढ्यावर विसंबू नका. समजा तुमच्या प्रोग्रॅमने सभासद ४१७ आहे का ते पाहिलं. आहे. त्यानंतरच्या क्षणी दुसऱ्या कनेक्शनने तो सभासद पुसला आणि कमिट केलं, म्हणजे बदल पक्का केला. मग तुमच्या प्रोग्रॅमने देवघेव घातली. दोघांनीही नियम पाळला, तरी अनाथ ओळ तयार झाली. फॉरेन की असेल तर चाइल्ड ओळ घालताना डेटाबेस पॅरेंटच्या ओळीवर लॉक घेतो. पोस्टग्रेसमध्ये तो ‘की शेअर’ जातीचा असतो, इनोडीबीत त्या ओळीवरचा शेअर्ड लॉक. तुमचं ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत ती ओळ कुणाला पुसता येत नाही. हे प्रोग्रॅममध्ये हाताने करता येतं, पण प्रत्येक ठिकाणी न चुकता करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

शिवाय डेटाबेसात शिरायचा दरवाजा एकच नसतो. मी काम केलेल्या एका प्रकल्पात ॲपमधली तपासणी अगदी चोख होती. अनाथ ओळी आल्या त्या रात्री चालणाऱ्या साफसफाईच्या स्क्रिप्टमधून. ती स्क्रिप्ट ॲपच्या वाटेने जातच नव्हती. आणि ती लिहिली होती मीच.

पायरी ४: पॅरेंट गेला तर काय, ते ठरवा

आतापर्यंतचं सगळं लिहायला दहा मिनिटं पुरतात. खरा विचार इथे आहे, आणि घाईघाईत उत्तर दिलं जातं तेही इथेच.

आपण काहीच लिहिलं नाही, म्हणून डेटाबेसने ‘नो ॲक्शन’ हा नियम धरला: चाइल्ड शिल्लक असेल तर पॅरेंट पुसू द्यायचा नाही. ‘रिस्ट्रिक्ट’ जवळजवळ तेच करतो. फरक एवढाच की नो ॲक्शनची तपासणी काही डेटाबेसांत ट्रान्झॅक्शनच्या शेवटपर्यंत पुढे ढकलता येते, रिस्ट्रिक्टची येत नाही. इनोडीबीत दोन्ही एकच, आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये रिस्ट्रिक्ट हा शब्दच नाही. नियम बदलायचा असेल तर फॉरेन कीच्या कलमाच्या शेवटी ‘ऑन डिलीट’ लिहून पुढे तो नियम लिहायचा.

‘कॅस्केड’ म्हणजे पॅरेंट गेला की त्याच्या सगळ्या चाइल्ड ओळीही जातील. ‘सेट नल’ म्हणजे चाइल्ड ओळ राहील, फक्त हवाल्याचा रकाना रिकामा होईल. ‘सेट डिफॉल्ट’ त्या जागी ठरवलेली किंमत घालतो, पण त्या किमतीची ओळ पॅरेंटमध्ये असावी लागते, आणि इनोडीबी हा प्रकार मुळात स्वीकारतच नाही. तो मी प्रत्यक्षात फार क्वचित पाहिला आहे. सोडून द्या.

निवड कशी करायची? मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: पॅरेंट नसताना या चाइल्ड ओळीला काही अर्थ उरतो का?

वाचनालयात एका पुस्तकाच्या अनेक प्रती असतात. पुस्तकाची नोंदच काढून टाकायची असेल तर ‘प्रत क्रमांक ३’ या ओळीला एकटीला काही अर्थ नाही. ती पुस्तकाचाच तुकडा आहे. इथे कॅस्केड शोभतो. सभासदाच्या टेबलात ‘कुणाच्या शिफारशीने आला’ असा रकाना असेल, आणि तो त्याच टेबलातल्या दुसऱ्या सभासदाचा हवाला देत असेल, तर शिफारस करणारा गेला म्हणून हा सभासद जाणार नाही. इथे सेट नल. (हो, टेबल स्वतःचाच हवाला देऊ शकतं.)

देवघेव मात्र तिसऱ्या जातीची आहे. ती इतिहास आहे. सभासद सोडून गेला म्हणून त्याने गेल्या वर्षी नेलेली पुस्तकं नेलीच नव्हती असं होत नाही. तिथे कॅस्केड लावला तर सभासद पुसताना कित्येक वर्षांच्या नोंदी जातील आणि कुणाला कळणारही नाही. पैशाच्या नोंदी, पावत्या, हजेरी, लॉग यांना हेच लागू आहे. अशा ठिकाणी नो ॲक्शन किंवा रिस्ट्रिक्टच ठेवा आणि सभासद पुसण्याऐवजी त्याच्या ओळीत ‘रद्द झाल्याची तारीख’ असा रकाना भरा. या पद्धतीत एक गोष्ट ध्यानात ठेवायची: ओळ जागेवर आहे की नाही एवढंच फॉरेन की बघते, सभासदत्व रद्द आहे हे तिला कळत नाही. रद्द सभासदाला नवं पुस्तक देऊ नये हा नियम वेगळा लिहावा लागतो.

कॅस्केडबद्दल आणखी थोडं, कारण तो हाताळायला सोपा आणि निस्तरायला अवघड. तो साखळीने चालतो. पुस्तकावरून प्रतीवर, प्रतीवरून तिच्या दुरुस्तीच्या नोंदींवर, आणि साखळीतल्या सगळ्या दुव्यांवर कॅस्केड असेल तर एका ओळीच्या डिलीटने चार टेबलांतल्या हजारो ओळी जातात. मात्र वाटेत एखाद्या दुव्यावर रिस्ट्रिक्ट असेल तर अख्खा आदेशच रद्द होतो. एसक्यूएल सर्व्हर तर एकाच टेबलापर्यंत कॅस्केडच्या दोन वाटा पोहोचत असतील तर ती फॉरेन की बनवूच देत नाही. एरर १७८५ दाखवतो. नवख्यांना तो जाच वाटतो, पण त्या एररने मला एकदा टेबलांचा आराखडाच चुकल्याचं दाखवलं होतं.

सेट नल लावताना चाइल्डचा कॉलम नॉट नल नसावा. मायएसक्यूएल अशी विसंगत व्याख्या लिहितानाच नाकारतो. पोस्टग्रेस ती घेतं आणि पुढे कधीतरी पॅरेंट पुसायला गेलात की अडतं.

‘ऑन अपडेट’साठीही हेच नियम आहेत, पण प्रायमरी की म्हणून निर्हेतुक क्रमांक वापरला तर तो बदलायची वेळच येत नाही. ओरॅकलमध्ये ऑन अपडेट कॅस्केड नाहीच, आणि फारसं कुणाचं अडलेलं दिसत नाही.

जाता जाता ट्रंकेटबद्दल, म्हणजे अख्खं टेबल एका झटक्यात रिकामं करणाऱ्या आदेशाबद्दल. पॅरेंट टेबल ट्रंकेट करायला गेलात तर पोस्टग्रेस नकार देतं आणि कॅस्केड लावून बघा असं सुचवतं. तो सल्ला डोळे झाकून घेऊ नका. ‘ट्रंकेट … कॅस्केड’ तुमचे ऑन डिलीट नियम विचारात घेत नाही. हवाला देणारी सगळी टेबलं तो संपूर्ण रिकामी करतो, त्यात नल हवाल्याच्या ओळीही गेल्या.

पायरी ५: नलचं काय?

फॉरेन कीच्या कॉलममध्ये नल असेल तर तपासणी होत नाही. रिकाम्या जागेचा अर्थ ‘हवाला दिलेलाच नाही’, म्हणून नियम मोडला असं धरत नाहीत. हवाला असलाच पाहिजे अशी तुमची गरज असेल तर फॉरेन कीसोबत नॉट नलही लिहा. आपण देवघेवीत लिहिलं आहे. विसरणारे खूप असतात.

दोन कॉलम मिळून बनलेल्या फॉरेन कीत हे जास्त चावतं. समजा देवघेव आता प्रतीचा हवाला देते, आणि प्रतीची ओळख ‘पुस्तक_क्र, प्रत_क्र’ या जोडीने होते. चाइल्डमध्ये पुस्तक_क्र ९९९९९ हा अस्तित्वात नसलेला आणि प्रत_क्र नल, अशी ओळ घातली तर ती खपून जाते. जोडीतला एकही भाग नल असला की अख्ख्या जोडीची तपासणी वगळली जाते. मानकात या मूळ पद्धतीला मॅच सिंपल म्हणतात. पोस्टग्रेसमध्ये ‘मॅच फुल’ लिहून ‘दोन्ही भरलेले किंवा दोन्ही रिकामे’ अशी सक्ती करता येते. बाकी ठिकाणी सगळे कॉलम नॉट नल ठेवणं सोपं.

पायरी ६: चाइल्डच्या कॉलमवर इंडेक्स

पॅरेंटच्या बाजूला प्रायमरी की असल्यामुळे इंडेक्स (झटपट शोधायची सूची) असतोच, म्हणून चाइल्ड ओळ घालताना तपासणी झटपट होते. उलट दिशेचं काय? सभासद पुसताना ‘याच्या नावावर देवघेव आहे का’ हे शोधावं लागतं, आणि देवघेव.सभासद_क्र वर इंडेक्स नसेल तर पूर्ण टेबल चाळावं लागतं. टेबलात एक कोटी ओळी असतील आणि तुम्ही शंभर सभासद पुसत असाल तर हे चाळणं शंभर वेळा होतं.

इनोडीबी फॉरेन की बनवताना हा इंडेक्स नसेल तर स्वतः बनवतो. पोस्टग्रेस, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट बनवत नाहीत. ओरॅकलमध्ये तर इंडेक्स नसताना पॅरेंट पुसला की चाइल्डच्या पूर्ण टेबलावर लॉक लागतो आणि भलतीच माणसं ताटकळत बसतात. म्हणून:

    क्रिएट इंडेक्स आयएक्स_देवघेव_सभासद ऑन देवघेव (सभासद_क्र);

फॉरेन की लिहिली की खाली लगेच हा आदेश, असा हाताला सराव लावा. ‘डिलीट इतकं हळू का चालतंय’ या तक्रारीचं उत्तर मला बऱ्याचदा इथेच सापडलं आहे.

पायरी ७: आधीपासून भरलेल्या टेबलाला फॉरेन की जोडणं

नव्या टेबलाची गोष्ट सोपी. तुमच्या वाट्याला बहुधा चालू डेटाबेस येईल, आणि त्यात अनाथ ओळी असतील. आधी त्या मोजा:

    सिलेक्ट द.देवघेव_क्र, द.सभासद_क्र
    फ्रॉम देवघेव द
    लेफ्ट जॉइन सभासद स ऑन स.सभासद_क्र = द.सभासद_क्र
    व्हेअर द.सभासद_क्र इज नॉट नल
      अँड स.सभासद_क्र इज नल;

यादी रिकामी आली तर नशीबवान आहात. ओळी आल्या तर लगेच डिलीट करू नका. आधी त्या एका वेगळ्या टेबलात उतरवून ठेवा, मग ज्याला त्या नोंदींचा अर्थ ठाऊक आहे अशा माणसाला दाखवा. कधी हरवलेला सभासद जुन्या बॅकअपमध्ये सापडतो. कधी ‘अज्ञात सभासद’ अशी एक ओळ पॅरेंटमध्ये घालून सगळ्या अनाथ नोंदी तिच्याकडे वळवाव्या लागतात. दिसायला ओबडधोबड, पण देवघेवींची एकूण संख्या शाबूत राहते. आणि कधी कळतं की तो निव्वळ चाचणीचा कचरा होता, मग पुसून मोकळं व्हायचं. कुठल्या क्रमांकांचे हवाले तुटले आहेत यावरून कारणाचाही अंदाज येतो. सगळे एकाच तारखेच्या आसपासचे असतील तर त्या दिवशी कुणीतरी काहीतरी चालवलं होतं.

मग कन्स्ट्रेंट घाला. टेबल लहान असेल तर एका आदेशात काम होतं. मोठं आणि वापरात असेल तर पोस्टग्रेसमध्ये दोन टप्प्यांत करा:

    आल्टर टेबल देवघेव
        ॲड कन्स्ट्रेंट एफके_देवघेव_सभासद
        फॉरेन की (सभासद_क्र)
        रेफरन्सेस सभासद (सभासद_क्र)
        नॉट व्हॅलिड;

    आल्टर टेबल देवघेव
        व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट एफके_देवघेव_सभासद;

पहिला आदेश जुन्या ओळी न तपासता नव्या ओळींसाठी नियम लागू करतो, त्यामुळे लिखाण थांबवणारा लॉक क्षणभरच लागतो. दुसरा जुन्या ओळी तपासतो. त्याला वेळ लागतो, पण त्या वेळात लोकांना नोंदी घालता-बदलता येतात. पहिल्या आदेशानंतर गळती थांबलेली असते, म्हणून साफसफाई या दोहोंच्या मध्ये निवांत करता येते.

एसक्यूलाइटमध्ये असलेल्या टेबलाला अशी कन्स्ट्रेंट जोडायची सोय नाही. नवं टेबल बनवा, ओळी त्यात ओता, जुनं काढा, नव्याला जुन्याचं नाव द्या. ओळी ओतण्याच्या या वेळेपुरती फॉरेन कीची तपासणी बंद ठेवायची असते.

पायरी ८: घाऊक डेटा भरताना

साधा उपाय म्हणजे क्रम: पॅरेंट टेबलं आधी भरा, चाइल्ड नंतर, रिकामी करताना उलटा क्रम. वर्तुळ असेल तेव्हाच हे अडतं. प्रत्येक शाखेला एक प्रमुख ग्रंथपाल आणि प्रत्येक ग्रंथपालाला एक शाखा, असे हवाले एकमेकांत अडकले तर पहिली ओळ कुठली घालणार? एक वाट म्हणजे एका बाजूचा रकाना नल चालेल असा ठेवायचा आणि नंतर भरायचा. पोस्टग्रेस, ओरॅकल आणि एसक्यूलाइटमध्ये दुसरीही वाट आहे: कन्स्ट्रेंटच्या शेवटी ‘डिफरेबल इनिशियली डिफर्ड’ लिहिलं की तपासणी कमिटच्या वेळी होते, तोवर दोन्ही ओळी जागेवर आलेल्या असतात. मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये ही सोय नाही.

मायएसक्यूएलमध्ये लोक मग ‘सेट फॉरेन_की_चेक्स = ०’ करतात. मायएसक्यूएलडंपने काढलेल्या बॅकअप फाइलमध्येही हे असतं, त्यामुळे ते वाईटच असं नाही. फक्त एवढं जाणून घ्या की पुन्हा १ केल्यावर मधल्या काळात आलेल्या ओळी तपासल्या जात नाहीत. फॉरेन की जागेवर दिसते, आणि आत अनाथ ओळी बसलेल्या असू शकतात. म्हणून तपासणी बंद करून काहीही भरलं तर लगेच पायरी ७ ची क्वेरी चालवा. एसक्यूलाइटमध्ये त्यासाठी ‘प्राग्मा फॉरेन_की_चेक’ आहे, तो मोडलेल्या सगळ्या ओळींची यादी देतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कन्स्ट्रेंट पुन्हा चालू करताना ‘विथ चेक चेक कन्स्ट्रेंट’ असं लिहायचं. चेक दोनदा येतो, ती छपाईची चूक नाही. पहिला चेक गाळलात तर जुन्या ओळी न तपासता कन्स्ट्रेंट चालू होते, आणि क्वेरीचा आराखडा ठरवताना ऑप्टिमायझर तिच्यावर भरवसा ठेवत नाही.

आता तुमच्या चालू डेटाबेसात काय काय आहे ते बघा. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर या तिन्हींत इन्फर्मेशन_स्किमामध्ये रेफरेन्शियल_कन्स्ट्रेंट्स नावाचा व्ह्यू मिळतो:

    सिलेक्ट कन्स्ट्रेंट_नेम, डिलीट_रूल
    फ्रॉम इन्फर्मेशन_स्किमा.रेफरेन्शियल_कन्स्ट्रेंट्स;

ओरॅकलमध्ये हेच यूझर_कन्स्ट्रेंट्समध्ये सापडतं. तिथे कन्स्ट्रेंट_टाइप ‘आर’ असलेल्या ओळी बघायच्या. डिलीट_रूलमध्ये कॅस्केड लिहिलेल्या ओळी आधी वाचा, आणि प्रत्येकीसाठी पायरी ४ मधला प्रश्न विचारा.